घर तपासणीचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि कसा वापरायचा? खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मी घरं तपासतो. रिपोर्ट दिला की दोन-तीन दिवसांनी फोन येतो, "साहेब, सगळं वाचलं, पण घर घ्यायचं की नाही ते काही समजलं नाही." त्या फोनवर जे विचारलं जातं तेच इथे लिहून काढलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण आपली काळी माती आणि आपलं ऊन दोन ओळींत सांगून होत नाही.

बँकेने व्हॅल्युएशन केलं आहे. मग वेगळी तपासणी कशाला?

बँकेचा माणूस घराची किंमत काढायला येतो. कर्ज थकलं तर घर विकून पैसे निघतील का, एवढं त्याला पाहायचं असतं. बाथरूममध्ये पाणी सोडून खालच्या छताला हात लावून बघणं हे त्याचं काम नाही. तपासणीचा रिपोर्ट घराच्या तब्येतीबद्दल बोलतो. काय बिघडलं, कशामुळे बिघडलं, थांबलं आहे की वाढतं आहे आणि आधी काय हाती घ्यायचं, हे त्यात यायला हवं. यातलं "कशामुळे" मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नुसते फोटो आणि "भेग दिसली", "ओल दिसली" एवढंच लिहिलं असेल तर काम अर्धं झालं आहे. इंजिनिअरला परत बोलवा आणि कारण लिहून मागा.

तपासणी कोणाकडून करून घ्यावी? आमचा मिस्तरी तीस वर्षं काम करतोय, तो नाही का चालणार?

मिस्तरीला सोबत जरूर घ्या. प्लास्टरवर ठोकून पोकळ आवाज कुठे येतो हे जुन्या गवंड्याला चटकन कळतं. पण खांब, बीम आणि पाया यांच्याबद्दलचं मत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं असावं आणि ते सही-शिक्क्यासह कागदावर असावं. महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे नोंद असलेला इंजिनिअर घेतलात तर पुढे कुठे कागद दाखवायची वेळ आली तरी अडचण येत नाही.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. जो तपासतो त्यालाच दुरुस्तीचा ठेका देऊ नका. तो माणूस कितीही सरळ असला तरी त्याच्या पोटापाण्याचा संबंध तुमच्या भेगेशी जोडला जातो.

तपासणीसाठी कोणता महिना चांगला?

गळती पाहायची तर भाद्रपद-आश्विनात, पाऊस नुकताच संपलेला असताना. मातीची हालचाल पाहायची तर मे महिन्यात, जमीन तडकलेली असताना. घर विकत घेताना महिना निवडण्याची मुभा बहुतेकांना मिळत नाही. म्हणून रिपोर्टच्या पहिल्या पानावर तपासणीची तारीख बघा. मे महिन्यातल्या रिपोर्टात "गळती आढळली नाही" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी पाणी नव्हतं. गच्चीवर पाणी अडवून किमान एक दिवस-रात्र ठेवून पाहिलं होतं का, हे विचारा.

चाळीस पानांचा रिपोर्ट आहे. वाचायला सुरुवात कुठून करू?

"जे तपासता आलं नाही" या भागापासून. लोक तो वगळतात. खाटेमागची भिंत, कुलूप लावलेली खोली, शिडी नसल्यामुळे न पाहिलेली टाकी, पीओपीच्या छताआड झाकलेला स्लॅब, हे सगळं त्यात येतं. नुकताच रंग दिलेल्या घरात हा भाग जास्त लक्ष देऊन वाचा. मी स्वतः ताज्या रंगाची भिंत दिसली की तसं लिहून ठेवतो, कारण त्या रंगाखाली काय आहे हे मला दिसलेलं नसतं.

मग पेन्सिल घ्या आणि पुढच्या प्रत्येक नोंदीवर खूण करत जा. जिवाला धोका असलेल्या गोष्टींना एक खूण, आज थांबवलं नाही तर वाढत जाणाऱ्या गोष्टींना दुसरी आणि नुसत्या दिसायला वाईट गोष्टींना तिसरी. गंमत अशी की घर बघायला गेलेल्या माणसाला तिसऱ्या खुणेच्या गोष्टी आधी दिसतात. फुटलेली फरशी, किचनच्या ओट्याचा तुटका कडप्पा, पोपडे धरलेला रंग. पहिल्या खुणेच्या गोष्टी बहुधा वायरिंगच्या पेटीत किंवा गच्चीच्या छज्जाखाली दडलेल्या असतात.

रिपोर्टात भेगा पंधरा ठिकाणी लिहिल्या आहेत. घर पडेल का?

भेगांची संख्या बाजूला ठेवा. भेग कोणत्या दिशेने गेली आहे आणि ती हलते आहे का, हे दोनच प्रश्न विचारा.

प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर ते प्लास्टर घाईने वाळलेलं आहे. उन्हाळ्यात काम झालं आणि पाणी नीट मारलं नाही की असं होतं. काळजीचं कारण नाही. आरसीसी खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे वरून खाली सरळ रेष गेली असेल तर दोन वेगळे पदार्थ उन्हाने कमी-जास्त फुगल्यामुळे ती पडते. प्लास्टर काढून जाळी मारली आणि पुन्हा प्लास्टर केलं की बहुतेक वेळा भागतं.

वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली भिंतीला आडवी भेग दिसते. ही आपल्याकडची फार ओळखीची भेग आहे. भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब पसरतो आणि खालची भिंत त्याच्याबरोबर तेवढी पसरत नाही. रात्री तो परत आकसतो. ही भेग व्हाइट सिमेंटने भरली की पुढच्या वैशाखात पुन्हा उघडते. मग घरमालक मिस्तरीला बोल लावतो, पण मिस्तरीने भरली ती भेग, ऊन तसंच राहिलं. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे, किंवा उन्हाला परतवणारा लेप दिला की स्लॅब कमी तापतो आणि भेगही शांत होते. भेग भरायची ती त्यानंतर.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यातून जिन्यासारखी चढत गेलेली आणि एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र पायाकडे बोट दाखवते. त्याच खोलीचा दरवाजा अडकायला लागला असेल तर शंका अजून वाढते. ही भेग हलते का ते पाहायला साधा उपाय आहे. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहा आणि भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याशिवाय निकाल लावू नका.

दोन जागी मात्र वाट बघायची नाही. बीम जिथे खांबावर टेकतो त्या भागात तिरपी भेग दिसली किंवा खांबालाच भेग गेली, तर त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर उभं करा. तोवर त्या बीमवरचं, म्हणजे गच्चीवरच्या टाकीचं आणि साठवलेल्या धान्याचं वजन कमी करा.

"पाया काळ्या मातीत" असं लिहिलं आहे. हा दोष आहे का?

दोष नाही, पण सगळा रिपोर्ट त्या एका ओळीच्या उजेडात वाचायचा. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यातली आपली काळी माती कपाशीला आणि केळीला जशी लाभते तशी भिंतीला लाभत नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढी भेग पडते, तीच माती तुमच्या पायाखालीही तसंच वागते. शेतजमीन बिनशेती करून पाडलेल्या नव्या कॉलन्यांमध्ये हे जास्त दिसतं. सातपुड्याच्या पायथ्याला मुरूम लवकर लागतो, तिथे चित्र वेगळं असतं.

रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. भारतीय मानकात फुगणाऱ्या मातीच्या जाड थरात त्यांची लांबी किमान 3.5 मीटर सांगितली आहे, कारण त्याखाली ऋतूप्रमाणे ओलाव्याचा चढउतार फारसा पोहोचत नाही. आता तुमच्या बंगल्याचा पाया चार-पाच फुटांवर काळ्या मातीतच संपला असेल, तर तो दरवर्षी थोडा वर-खाली होणार हे धरून चाला. म्हणून रिपोर्टात पाया किती खोल आहे आणि कशावर टेकला आहे, हे खड्डा खणून पाहिलं की नुसतं मालकाच्या सांगण्यावर लिहिलं, ते तपासा.

उपाय ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, कारण तो स्वस्तात सुरू होतो. घराच्या चारही बाजूंची माती वर्षभर सारख्याच ओलाव्यात राहील असं करायचं. भिंतीला लागून साधारण मीटरभर रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा करा. गच्चीचं पाणी पाइपने लांब न्या. गळकं चेंबर आणि भिंतीला खेटून असलेला शोषखड्डा दुरुस्त करा किंवा हलवा. भिंतीलगत वड, पिंपळ, निलगिरी नको.

एका घरी स्वयंपाकघराचा एकच कोपरा तीन वेळा भरून घेतला होता. तिन्ही वेळा तो पुन्हा फाटला. मी गेलो तेव्हा त्या काकूंना एवढंच विचारलं की मोरीचं पाणी कुठून जातं. उकरून पाहिलं तर जमिनीखालचा पाइप सांध्यात तुटलेला होता आणि नेमका तोच कोपरा बारा महिने ओला राहत होता. पाइप बदलला, पट्टा केला आणि वर्षभर भेगेवरची काच तशीच राहिली. मगच प्लास्टर केलं. आधीच्या तीन दुरुस्त्यांचा खर्च त्या पाइपच्या कितीतरी पट होता. हे आठवलं की मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्या घरात तो पैसा जपून ठेवलेला होता.

ओल आहे असं लिहिलं आहे, पण वॉटरप्रूफिंग तर गेल्याच वर्षी केलं!

मग पाणी वरून येतच नसेल. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा ओला असेल आणि त्यावर पांढरी खार फुटत असेल तर पाणी पायातून चढतं आहे. जोत्यावर ओल अडवणारा थर नाही किंवा बाहेरची माती त्या थराच्या वर भरली गेली आहे. बाथरूमच्या मागच्या भिंतीला डाग असेल तर पाइप किंवा फरशीचे सांधे. खिडकीखाली उन्हाळ्यातच डाग पडत असेल तर कुलर. कुलरची टाकी झिरपते, खिडकीची चौकट भिजते आणि आतलं प्लास्टर सुटतं. अशा डागासाठी गच्चीवर खर्च केलेली घरं मी पाहिली आहेत.

बोअरचं जड पाणी वापरून केलेल्या बांधकामात खार जास्त फुटते. खार फुटलेल्या भिंतीला पुट्टी मारून लगेच रंग देऊ नका. आधी ओलीचं मूळ बंद करा, कोरड्या ब्रशने खार झाडा आणि भिंत पूर्ण वाळू द्या.

स्लॅबची सळई दिसते. प्लास्टर करून टाकू का?

नाही. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतूनच काँक्रीट ढकलून काढतो. वरून प्लास्टर केलं तर काही महिने दिसणार नाही, आत गंज चालूच राहील. स्लॅबच्या सळईवर किमान 20 मिलिमीटर आणि खांबाच्या सळईवर 40 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असावं असं मानक सांगतं. सेंट्रिंगच्या वेळी सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला उचलून धरणारे छोटे ठोकळे, ठेवले नाहीत की ती थेट फळीवर बसते आणि पंधरा-वीस वर्षांत बाहेर डोकावते. सुटलेलं काँक्रीट पूर्ण काढणं, सळई घासून स्वच्छ करणं, फार झिजली असेल तर जोड सळई देणं, गंजरोधक लेप आणि मग दुरुस्तीचा खास मसाला, असा क्रम दुरुस्तीच्या कागदात लिहिलेला असावा.

रिबाउंड हॅमरचे आकडे दिले आहेत. त्यांचं काय करू?

एकट्या आकड्यावर घर घेऊ नका आणि सोडूही नका. तो हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो आणि त्यावरून काढलेल्या ताकदीत 25 टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं, असं भारतीय मानकातच लिहिलेलं होतं. जुनं काँक्रीट वरून कडक होतं, त्यामुळे आकडा फुगतो. त्याच्या जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून आतली पोकळी शोधायची) आणि फिनॉल्फ्थेलिनची चाचणी केली आहे का ते बघा. या दुसऱ्या चाचणीत ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर द्रव फवारतात. जिथे गुलाबी रंग येतो तिथे काँक्रीट अजून सळईला जपतं आहे, जिथे रंग येत नाही तिथे ते संरक्षण गेलं आहे. रंग न आलेला भाग सळईपर्यंत पोहोचला आहे का, हाच प्रश्न इंजिनिअरला विचारा.

वायरिंगबद्दल "अर्थिंग समाधानकारक नाही" एवढंच लिहिलं आहे. थांबलं तर चालेल?

नाही, हे सगळ्यात आधी करा. रंग राहू द्या, फरशी राहू द्या. पत्र्याचा कुलर, त्यात पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय, हे आपल्या प्रत्येक घरात मार्च ते जून असतं. अर्थिंग नसेल आणि कुलरच्या बॉडीत करंट उतरला तर माणूस दगावतो, लहान लेकरं तर पटकन. अर्थिंगचा खड्डा नव्याने करा आणि मुख्य पेटीत 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी जास्त भारापासून वायर वाचवतो, शॉकपासून माणूस वाचवण्याचं काम आरसीसीबीचं आहे. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. एसी घेणार असाल तर त्याच्यासाठी वेगळी जाड वायर ओढली आहे का, हेही रिपोर्टात शोधा.

गावातलं धाब्याचं घर वाटणीत आलं आहे. त्याची तपासणी होते का?

होते, आणि मला ती मनापासून आवडते. सागाच्या तुळया, त्यांच्यावर मातीचं सपाट छप्पर म्हणजे धाबं, जाड मातीच्या भिंती, भर उन्हात आत गेलं की गारवा. पण रिपोर्टात तीन जागा नीट वाचा. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ओल आणि उधई आधी लागते, बाहेरून लाकूड धडधाकट दिसत असतं. टोचा मारून पाहिलं का ते विचारा. दुसरं, धाब्यावरच्या मातीची जाडी. दर पावसाळ्याआधी नवी माती टाकायची आपली रीत आहे, जुनी काढली जात नाही आणि पिढ्यान् पिढ्यांचं वजन तुळयांवर बसतं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरची माळवदाची, म्हणजे धाब्यासारखीच मातीची, जड छपरंच माणसांच्या अंगावर आली. जुना थर उतरवून वजन कमी करणं ही पहिली दुरुस्ती समजा.

तिसरी जागा सामाईक भिंत. भावकीतल्या कुणी आपला हिस्सा पाडून आरसीसी बांधायला घेतलं की तुमच्या भिंतीचा आधार जातो आणि ती पावसात उघडी पडते. पाडण्याआधी दोघांनी मिळून फोटो काढा, आधार कसा देणार आणि उघडी बाजू कोण लिंपणार ते लिहून घ्या. आबा-काकांशी कागद कसा करायचा, असं वाटतं खरं. पण भिंत पडल्यावर जे बोलणं होतं त्यापेक्षा हे बोलणं सोपं जातं.

उधईची नोंद आहे. घर सोडून द्यावं का?

सोडू नका. जिवंत आहे की जुनी, एवढं विचारा. मातीची नळी थोडी फोडून ठेवा, काही दिवसांत पुन्हा बांधली गेली तर जिवंत. भिंत आणि फरशीच्या सांध्याला साधारण फुटाफुटावर भोकं पाडून औषध भरतात. ते करून घ्या, आणि ओल बंद करा, नाहीतर उधई परत येते.

रिपोर्ट चांगला आला. मग व्यवहार करायला हरकत नाही ना?

रिपोर्ट भिंतींबद्दल आहे, मालकीबद्दल नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट हे वेगळं काम आहे. मंजूर नकाशा मात्र इंजिनिअरलाही द्या. नकाशात नसलेली खोली किंवा मागून चढवलेला मजला त्याला जागेवर ओळखता येतो. खालचा पाया त्या मजल्यासाठी केलेला नसतो.

विकणाऱ्याशी बोलताना रिपोर्ट कसा वापरू?

सगळा रिपोर्ट त्याच्यापुढे टाकू नका. पहिल्या दोन खुणांच्या गोष्टी एका पानावर काढा, प्रत्येकाचा दुरुस्तीचा लेखी अंदाज दोन ठेकेदारांकडून घ्या आणि तेवढ्यावरच बोला. पोपडे आणि फरशी मध्ये आणली की बोलणं भरकटतं आणि समोरचा माणूस दुखावतो, शेवटी ते त्याने राहिलेलं घर असतं. किंमत कमी करून दुरुस्ती आपण करणं मला जास्त पटतं. विकणारा करून देतो म्हणाला तर तो झाकण्यापुरतं करेल ही भीती राहते. आणि शक्य असेल तर तपासणी सौदा पावतीच्या आधी करा. बयाणा द्यावाच लागत असेल तर पावतीत लिहा की तपासणीत खांब, बीम किंवा पायाचा मोठा दोष निघाला तर बयाणा परत मिळेल.

नव्या फ्लॅटमध्ये वर्षभरातच गळती आहे. रिपोर्टचा उपयोग होतो का?

भरपूर. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम 14(3) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. म्हणून तपासणी पाचवं वर्ष संपण्याच्या बऱ्याच आधी करा, रिपोर्ट जोडून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून वॉचमनकडे निरोप ठेवल्याची नोंद कुठेही राहत नाही. बिल्डरने केलं नाही तर महारेराकडे दाद मागता येते.

आमची सोसायटी जुनी आहे. आपल्या फ्लॅटपुरती तपासणी पुरेल का?

पुरणार नाही. खांब आणि गच्ची सगळ्यांची आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट 5 वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं 3 वर्षांतून एकदा करायचं असतं. शेवटचं ऑडिट सेक्रेटरींकडे मागा आणि त्यात सुचवलेलं काम झालं का ते विचारा.

दोन इंजिनिअरांनी दोन वेगळी मतं दिली. कोणाचं ऐकू?

दोघांना एकाच वेळी त्या भेगेसमोर उभं करा. कागदावर जुळत नाही ते जागेवर बऱ्याचदा दहा मिनिटांत जुळतं. तरीही नाहीच जुळलं, तर ज्याने कारण सांगितलं आणि ते पडताळायचा मार्गही सांगितला त्याचं ऐका.

रिपोर्ट किती दिवस चालतो?

खरेदीसाठी म्हणाल तर एक पावसाळा गेला की तो जुना झाला. पण फेकू नका. विजेच्या बिलांच्या फायलीत ठेवा आणि दर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, माहेरवाशिणी घरात असतात तेव्हा एक चक्कर मारा. भेगेजवळच्या पेन्सिलीच्या रेघेपुढे भेग गेली आहे का ते बघा, आजची तारीख शेजारी लिहा आणि त्याच जागेवरून फोटो काढा. पुढच्या वेळी मी आलो की पहिल्यांदा तीच तारखांची रांग मागेन.